श्वास कापलेली गाणी

मी काचेच्या दुकानातला स्पीकर बोलतोय. आजवर दुसऱ्याचंच बोललो. आज माझं ऐका.

एका सुताराने मला बनवलं. जाड फळ्यांची पेटी, आत कागदाचा पडदा, समोर तपकिरी जाळी. आत येईल ते जसंच्या तसं बाहेर द्यायचं, पदरचं काही घालायचं नाही, एवढंच मला येतं. बातम्या दिल्या, गाणी दिली, भाषणं दिली. भाषणं देताना पुष्कळदा लाज वाटली, पण काम चोख केलं.

काचवाल्याने मला जुन्या बाजारातून आणलं. पुढे दुकान, मागे घर. आरशांच्या शेजारी फळीवर मला बसवलं आणि माझ्या डोक्यावर सीडी प्लेअर ठेवला. काचवाला कमी बोलतो. त्याची बायको दोघांचं मिळून बोलते.

त्यांची मुलगी तेरा वर्षांची. घरात तिला बबडी म्हणतात. पोरगी आरशासमोर उभी राहून गायची आणि चांगली गायची. मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही.

तेव्हा टीव्हीवर गाण्याची स्पर्धा चालू होती. मागच्या खोलीतून आवाज यायचा. त्यात एक तरुण मुलगी जिंकली. बबडीच्या आत्याने तिला मोबाइलवरून इतकी मतं दिली की बोटं दुखली. पुढे त्या मुलीचा पहिला अल्बम निघाला, तो आत्याने बबडीला वाढदिवसाला आणला. वेष्टणावर छापलं होतं, 'खास किशोरांसाठी'.

पहिलं गाणं लागलं आणि दुकानातल्या काचा थरथरायला लागल्या. काचवाल्याने त्यांच्यामागे वर्तमानपत्राच्या घड्या खोचल्या. दुसरं लागलं. घरी सांगू नकोस, मागच्या दाराने ये, असं काहीतरी होतं. आई हात पुसत बाहेर आली.

"हे किशोरांसाठी? कुणाच्या किशोरांसाठी?"

"वहिनी, आजकाल असंच असतं."

"मग तुमच्या लेकाला ऐकवा की, वन्सं."

"त्याला कुठे गाण्याची आवड आहे!"

"सुटला बिचारा."

शब्दांचं मी फारसं मनावर घेतलं नाही. पोरांना अर्धे शब्द कळत नाहीत आणि उरलेले शाळेत आधीच कळलेले असतात. मला खटकलं ते वेगळंच. त्या गाण्यांत श्वास नव्हता. स्पर्धेत हीच मुलगी ओळीच्या शेवटी दम घ्यायची, तो भिंतीपलीकडून मलाही ऐकू यायचा. अल्बम करताना कुणीतरी यंत्रावर बसून तिचे सगळे श्वास कापून टाकले आणि ओळीला ओळ चिकटवली. आवाजही इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. याला मी गाणं म्हणत नाही.

बबडीला ते खरं वाटलं. शाळेच्या कार्यक्रमात एकटीने गाण्यासाठी एका मुलीची निवड व्हायची होती. ती जागा तिला हवी होती. जेवताना तेच, वेणी घालतानाही तेच. तिने अल्बममधलंच एक गाणं उचललं. सीडीबरोबर गायची. चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मध्ये चुकून दम घेतला की स्वतःवरच चिडायची आणि गाणं पहिल्यापासून लावायची.

"अगं, मरशील अशाने," आई म्हणाली.

"मेहनत आहे ही, वहिनी," आत्या म्हणाली.

निवडीच्या दिवशी शाळेचा स्पीकर फाटलेला निघाला. काचवाल्याने मला आणि प्लेअरला उचलून नेलं. अल्बमच्या शेवटी त्या गाण्याची नुसती वाद्यं होती, ती मी वाजवायची आणि बबडीने गायचं. पहिलं कडवं तिने निभावलं. दुसऱ्यात ओठ पांढरे पडले, आवाज चिरला आणि ती मटकन खाली बसली. मी वाजतच राहिलो. मला आपणहून थांबता येत नाही.

गाण्याच्या बाई धावल्या. पाणी पाजलं.

"अगं, श्वास कुठे घेतेस तू?"

"गाण्यात नाहीये, बाई."

बाईंनी सीडीवरचं मूळ गाणं लावलं. माझ्या जाळीला कान लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"असं कुणालाच गाता येणार नाही. हे कापून जोडलंय."

"तिला येतं," बबडी म्हणाली. "मलाच येत नाही."

जागा दुसऱ्या मुलीला गेली. घरी येताना काचवाला एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी तरी त्याने बोलायला हवं होतं.

तेव्हापासून बबडी गात नाही. आत्याने गोंजारून पाहिलं, आईने रागावून पाहिलं. "मला दम लागतो," एवढंच म्हणते. दम सगळ्यांनाच लागतो हे तिला कुणी कितीही सांगो, तिच्या कानांनी उलटं ऐकलंय.

म्हणून सांगतो, हा अल्बम किशोरांसाठी नाही. मोठ्यांनी खुशाल ऐकावा. त्यांना फसवून घ्यायची सवय असते. पोरं ऐकतात ते तसंच करायला जातात. वेष्टणावर छापणाऱ्याला एवढी साधी गोष्ट कळत नसेल, तर त्याने छापखाना बंद करावा.

आता माझ्या डोक्यावर प्लेअर नाही, काचा चौकटीत बसवायच्या लांबीचे डबे आहेत. माझी तक्रार नाही. त्या गाणाऱ्या मुलीला मात्र एक मागणं आहे. पोरी, जिथे असशील तिथून एकदा या दुकानात ये. यंत्र आणू नकोस. मला तर हातही लावू नकोस. बबडीसमोर उभी राहा आणि तेच गाणं तुझ्या गळ्याने गा, धाप लागेपर्यंत. तिला ती धाप ऐकू दे.