उत्तर देणारा

माघ उतरू लागला आणि पथारींवर वाळणाऱ्या मिरच्यांचा झोंबरा गंध नंदुरबारच्या वाऱ्यात मिसळला, की मला आमच्या शाळेच्या ओसरीवरच्या अस्वस्थ येरझारा ऐकू येतात. त्या वामनरावांच्या. ते इंग्रजी शिकवीत, मी चित्रकला. स्थैर्य त्यांना ठाऊकच नव्हतं. बसले तरी बोटं खडू फिरवीत राहत आणि दृष्टी रेल्वेच्या रुळांच्या दिशेनं, कुणी हाक मारल्यासारखी, पुनःपुन्हा वळे.

शाळेत कोट, घरी खादी. पोट सरकारी अनुदानावर, प्राण स्वराज्यात. एके दिवशी एका सहकाऱ्यानं तो शब्द तोंडावर फेकलाच, "हिपोक्रिट!"

पुढच्या तासाला वामनरावांनी तोच शब्द फळ्यावर लिहिला. शेजारच्या वर्गात मला त्यांचा कापरा स्वर ऐकू येत होता. प्राचीन ग्रीसमध्ये डोंगरउतारावर, उघड्या आभाळाखाली नाटक चाले; समूह गाई आणि एकटा माणूस त्याला उत्तर देई. तो 'हुपोक्रितेस', उत्तर देणारा. पुढे नटालाच तो शब्द चिकटला. आणि नटाच्या तोंडावर मुखवटा, म्हणून शतकांच्या उतरणीवर त्याचा अर्थ दांभिक एवढाच उरला.

"शब्द घसरतो," ते म्हणाले, "तसा माणूसही घसरतो."

त्याच आठवड्यात सकाळच्या प्रार्थनेनंतर फौजदार पटांगणात येऊन उभा राहिला. मुलं बंदी घातलेलं गाणं म्हणत होती. ते शिकवलं कुणी? मुलं मुकी. हेडमास्तरांची मान खाली. मी रांगेत तसाच उभा. वामनराव रांगेतून पुढे झाले.

"मी शिकवलं."

या वेळी स्वरात कंप नव्हता. अंगातला कोट काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि ते शिपायांबरोबर चालू लागले.

दुपारी त्यांची आई चौकीच्या दाराशी आली. "भाऊ, तुन्हा कोट कोठे शे?"

"माय, आते त्यानं काम नही," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

तुरुंगातून सुटल्यावर शाळेनं त्यांना परत घेतलं नाही. खांडबाऱ्याला जाऊन ते झाडाखाली मुलं शिकवू लागले. तिथंच एका पावसाळ्यात हिवतापानं त्यांना नेलं.

त्यांचं चित्र काढायला मी अनेकदा बसलो. कपाळ साधतं, डोळे साधतात. पण कागदावर ते थांबत नाहीत. मृत्यू माणसाला स्थिर करतो म्हणतात; स्मृती मात्र त्याला क्षणभरही बसू देत नाही.