छत्तीस अंशांची काठी

मित्रांनो, या घराच्या दारामागे, छत्र्यांच्या शेजारी भिंतीला टेकून जी उभी आहे, ती मी. मी एक जुनी गोल्फची काठी आहे. माझ्या पोलादी डोक्याच्या तळाशी ‘७’ हा आकडा ठोकलेला आहे, म्हणून खेळणारे मला ‘सात नंबर’ म्हणतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाचा लालबुंद तापलेला गज साच्यावर ठेवून त्यावर घणाचे घाव घातले गेले. मग घासणे, पॉलिश करणे, क्रोमचा मुलामा देणे ही कामे झाली. शेवटी एका वृद्ध कारागिराने मला शिकंज्यात धरले, माझ्या तोंडाला कोनमापक लावला आणि मला किंचित वाकवून तो म्हणाला, “छत्तीस. पुढची आण.” काठीचे तोंड जितके मागे कललेले, तितका चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो, तोंड जितके उभे, तितका तो लांब जातो. आम्हा आठ बहिणींत हाच काय तो फरक होता. प्रत्येकीचा कोन वेगळा, आणि म्हणून प्रत्येकीचे काम वेगळे.

आम्हाला विकत घेतले ते एका कारखान्यातल्या ड्राफ्ट्समनने. यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढणे हा त्याचा व्यवसाय. मोजल्याशिवाय तो पाऊलही टाकत नसे. म्हणून मित्र त्याला ‘मिलिमीटर’ म्हणत. तो दर गुरुवारी सकाळी सात वाजता एक दंतवैद्य, एक निवृत्त हेडमास्तर आणि एक घड्याळजी यांच्याबरोबर नऊ होलांचा, म्हणजे नऊ खळग्यांचा खेळ खेळे. ती माझी उमेदीची वर्षे. माझ्या फटक्यावर चेंडू खळग्याभोवतीच्या हिरवळीवर पडून जागच्या जागी थांबला, की हेडमास्तर म्हणत, “मिलिमीटर, तुझी ही सात नंबर म्हणजे वर्गातली हुशार मुलगी आहे. सांगितलं तेवढंच करते.” मित्रांनो, पोलादालाही कौतुक आवडते.

मालक निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची पत्नी गेली. त्यांना मूलबाळ नव्हते. घरात एक खुर्ची वापरात उरली, एक भिंतीला लागली. थोरली बहीण रविवारी येऊन जाई, तेवढाच बोलण्याचा आवाज. त्याच सुमारास मालकाने एक वही सुरू केली. प्रत्येक फटक्याआधी तो खुणेच्या खांबापासून पावले मोजी, वहीत लिही, मग फटका मारी, आणि चेंडू पडेल तिथपर्यंत पुन्हा पावले मोजी. आठवड्यातल्या सहा दिवसांत तो ती वही वाचत बसे आणि गुरुवारची वाट पाही. गुरुवार नसता तर त्याने कोणाशी बोलावे, हे मला सांगता आले नसते.

मग मैदानाच्या व्यवस्थापकाने नियम केला: नऊ होल सव्वादोन तासांत पूर्ण झाले पाहिजेत. तीनदा उशीर करणाऱ्या गटाची वेळ दुसऱ्यांना मिळेल. आमच्या गटाला दोनदा ताकीद मिळाली. दुसऱ्या वेळी दंतवैद्य मालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मिलिमीटर, काहीतरी कर बाबा. अजून एकदा उशीर झाला, की आपला गुरुवार गेला.”

मालकाने त्या आठवड्यात वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. सात वर्षांत त्याचा फटका पंधरा पावलांनी आखूड झाला होता. त्याने निष्कर्ष काढला: चेंडू कमी जातो, म्हणून फटके जास्त लागतात, फटके जास्त, म्हणून वेळ जास्त. गणितात कुठेही चूक नव्हती.

तो मला घेऊन खेळाच्या सामानाच्या दुकानात गेला. मागच्या खोलीत जाळी बांधलेली होती आणि चेंडू किती गेला असता हे दाखवणारे यंत्र होते. दुकानदाराने त्याच्या हाती चकचकीत नवी सात नंबर दिली. मालकाने नव्या काठीने दहा चेंडू मारले, मला घेऊन दहा मारले, विसाही आकडे लिहिले आणि सरासरी काढली. नवी बारा पावले पुढे होती.

“किंमत जरा अंगावर येते,” मालक म्हणाला.

“येणारच, साहेब. पण आकडे तुम्हीच लिहिलेत, मी नाही,” दुकानदार म्हणाला. “त्यातून जुना सेट द्या, थोडं कमी करतो.”

मालक दोन दिवस विचार करत होता. घराच्या खिडक्या बदलण्यासाठी त्याने पैसे बाजूला ठेवले होते. खिडक्यांच्या झडपा वाऱ्याने खडखडत असत. त्याने कागदावर उभी रेघ ओढून एका बाजूला ‘खिडक्या’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गुरुवार’ लिहिले. ‘गुरुवार’ या शब्दाखाली त्याने बराच वेळ काहीच लिहिले नाही. मग कागद घडी करून खिशात घातला आणि काठ्यांची पिशवी उचलली.

माझ्या सात बहिणी त्या दिवशी गेल्या. मी मात्र राहिले. मालकाच्याच तोंडून मला नंतर कळले, की दुकानदाराने विचारले होते, “यात सात नंबर दिसत नाही?”

“ती तुलनेसाठी ठेवली आहे. मूळ नमुना हाताशी असावा.”

“मग सेट तुटला, साहेब. किंमत अजून उतरेल.”

“उतरू द्या.”

अशी मी नमुना झाले. नमुन्याला काम नसते, मित्रांनो. त्याने फक्त उभे राहायचे असते. आम्ही आठजणी एका पिशवीत एकमेकींवर आपटत जात असू, तेव्हा मला त्या खणखणाटाचा त्रास वाटे. दारामागे उभी राहिल्यावर कळले, की तो आमचा बोलण्याचा आवाज होता.

रविवारी बहीण आली. नवी पिशवी पाहून ती दारातच थबकली. “काय रे हा लवाजमा? खेळायला चाललास की लढाईला?”

“ताई, बारा पावलं जास्त जातो चेंडू.”

“आणि खिडक्या?”

“पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षापर्यंत वारा थांबणार आहे होय?” ती म्हणाली. जाताना तिने झडपांच्या फटींत कागदाच्या घड्या कोंबल्या.

गुरुवारी मालक नव्या काठ्या घेऊन गेला आणि दुपारी परतला, तो नेहमीपेक्षा उशिरा. झाले असे, की नव्या काठ्यांची जुनी नोंद वहीत नव्हती. म्हणून त्याने दर फटक्याला दुप्पट मोजले, दुप्पट लिहिले. चेंडू लांब जात होता हे खरे. पण हिरवळीवर पडला, की थांबायचे सोडून पलीकडे घरंगळत होता. व्यवस्थापक शेवटच्या होलापाशी घड्याळ धरून उभा होता. तिसरी ताकीद मिळाली.

सात वाजताची वेळ गेली. उरली ती आठची वेळ. त्या गटात एकच खेळाडू होती, औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई. एका गटात चारांहून अधिक चालत नसत; म्हणजे तिघांना जागा होती. हे सारे मालकाने फोनवर बहिणीला सांगितले, तेव्हा मी ऐकले. “मीच म्हटलं, मी थांबतो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “कोणी नको म्हणालं नाही, ताई.”

त्यानंतरचे पाच गुरुवार तो घरीच होता. सकाळी पाचला उठे, बूट घाली, आणि खुर्चीत बसून राही. आठ वाजले की बूट काढी.

सहाव्या गुरुवारी त्याने नकाशे काढण्याच्या पेटीतून आपला जुना कोनमापक काढला. करण्यासारखे दुसरे काही नव्हते म्हणूनच काढला असावा. मला टेबलावर आडवी धरून त्याने माप घेतले: छत्तीस. मग नव्या सात नंबरचे घेतले: तीस. त्याने पुन्हा घेतले. पुन्हा तीस. ती सात नंबर नव्हतीच, मित्रांनो. तिचा कोन माझ्या पाच नंबर आणि सहा नंबर बहिणींच्या मधला होता. वर आकडा मात्र माझा होता. बारा पावले वाढली होती ती बव्हंशी त्या सहा अंशांची होती. मालक एकटाच हसला. त्या घरात ते हसणे इतके परके वाटले, की तो स्वतःच दचकून थांबला.

तो मला आणि तिला घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने काही लपवले नाही. “हल्ली सगळेच असे कोन उभे करतात, साहेब. तुमच्या जुन्या टप्प्याला आता या सेटमधली आठ नंबर घ्यायची. आणि जवळच्या फटक्यांसाठी मध्ये एक जागा रिकामी पडते, तिथे आणखी एक काठी घ्यावी लागेल. तुम्ही कोन विचारलाच नाहीत.”

“चाळीस वर्षं मी कोनच काढत होतो,” मालक म्हणाला.

माझ्या बहिणींविषयी त्याने विचारले. त्या सुट्या सुट्या विकल्या गेल्या होत्या, कोणाला ते दुकानदाराला आठवत नव्हते.

त्याच संध्याकाळी दंतवैद्य घरी आला. मालकाने त्याला दोन्ही काठ्या, कोनमापक, सरासरी, सारे दाखवले. दंतवैद्याने ते नीट ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला.

“अरे, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस की रे! काठीचा काय दोष? तुझा चेंडू कमी जातो म्हणून कोणाचं कधी अडलं होतं? माझा तरी कुठे जातो? उशीर व्हायचा तो तुझ्या वहीमुळे.”

मालक त्याच्याकडे पाहतच राहिला. “वहीमुळे?”

“प्रत्येक होलाला चार मिनिटं. घड्याळजीनं मोजलीत.”

“मग सांगितलं का नाही?”

दंतवैद्य खाली पाहू लागला. “वहिनी गेल्या आणि तू ती वही सुरू केलीस. आम्ही तिघांनी कितीदा ठरवलं, आज सांगायचं. तुझ्या हातात ती वही बघितली, की दुसराच विषय काढायचो. ‘काहीतरी कर’ म्हणालो, त्यात सगळं आलं असं वाटलं मला.”

खिडकीची झडप तेवढी वाजत होती.

“गुरुवारी ये,” दंतवैद्य उठताना म्हणाला. “खेळायला जागा नाही. चालायला आहे.”

गुरुवारी मालक गेला. वही टेबलावर राहिली. रिकाम्या हाताने मैदानावर जाणे त्याला जमेना, म्हणून त्याने मला घेतले. चार होल तो नुसता चालला. पाचव्या होलावर औषधांच्या दुकानातल्या बाईचा चेंडू उताराला अडकला. ती वळून म्हणाली, “काका, इथून कसं मारतात? तुम्ही मारून दाखवा ना माझ्याऐवजी.”

मालकाने पाय रोवले. माझ्या मुठीचे रबर वाळून टणक झाले होते, तरी त्याची बोटे बरोबर जागी बसली. चेंडू उंच गेला, हिरवळीवर पडला आणि थांबला.

“किती गेला रे?” हेडमास्तरांनी विचारले.

मालकाने मागे पाहिले. मागून येणारा गट वाट पाहत उभा होता. “गेला तिथवर,” तो म्हणाला आणि चालू लागला.

त्याला चौथी जागा परत मिळाली नाही. कोणी आजारी असेल किंवा गावाला गेले असेल, तरच तो खेळतो, एरवी चालतो. इतर सहा दिवस मी दारामागे असते आणि तो खुर्चीत असतो. नव्या काठ्या कोठीत आच्छादनाखाली आहेत. त्यांच्यात खोट नाही. योग्य हातात त्या उत्तम काम करतील. पण तो हात या घरात नाही, हे त्यांना घेताना कोणी पाहिले नाही.

मित्रांनो, वस्तू घेताना तिची किंमत आणि तिचे काम जरूर तोलून पाहा. वर ठोकलेल्या आकड्यावर जाऊ नका, स्वतः माप घ्या. पण त्याआधी आपले नेमके अडले कुठे आहे, ते आपल्याबरोबर चालणाऱ्याला विचारा. आणि तुम्हाला कोणी न विचारताही उत्तर ठाऊक असेल, तर ते सांगून टाका. आणखी एक विनंती. खेळून आलात, की माझ्यासारखीच्या खाचांतली माती ओली असतानाच काढा. तेव्हा ती बोटानेही निघते. वाळली, की लोखंडालाच ओरखडे पडतात.