उजवीकडून वाचलेली तार

किताबीच्या पहिल्याच पानावर उर्दूत छापलं होतं, 'उस्तादाविना, घरबसल्या.' उद्धव त्यालाच भुलला. निजामाचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली आणि तिच्या पाठोपाठ पेडगावातली उद्धवची मास्तरकीही गेली. घरात तो मराठीच बोलायचा, पण शिकला होता सगळा उर्दूत. बाळबोध लिहायला बसला की ऱ्हस्वदीर्घाची अशी खिचडी करायचा, की नवे तपासनीस कागद लांब धरून हसायचे. इंग्रजी अक्षरं मात्र त्याची चांगली होती. रेल्वेत तारबाबू घ्यायलेत असं कानावर आलं आणि परभणीच्या जुन्या बाजारात ही किताब हाती लागली. नवशिक्यांच्या किताबींवर माणसाचा जीव जडतो तो काही उगाच नाही. किताब रागावत नाही आणि तोंड फिरवून हसतही नाही.

तारेचा सगळा कारभार दोन खुणांवर चालतो, टिंब आणि रेघ. यंत्राला तिसरी गोष्ट कळत नाही. किताबीत इंग्रजी अक्षर दिलं होतं आणि त्याच्या शेजारी त्याची टिंबं-रेघा. उद्धवनं त्या खुणा उर्दू वाचावी तशा उजवीकडून डावीकडे पाठ केल्या. 'ए' म्हणजे रेघ, मग टिंब. 'एन' म्हणजे टिंब, मग रेघ. ह्या खुणा डावीकडून वाचायच्या असतात हे सांगायचं किताब लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं, आणि उद्धवला शंका आली नाही. आली असती तरी विचारणार कुणाला? उस्तादाला तर पहिल्याच पानावर सुट्टी दिलेली.

यंत्र काही घरी नव्हतं. म्हणून तो पितळी ताट पालथं घालायचा आणि अक्षरं मोठ्यानं म्हणत त्यावर बोट वाजवायचा. टिचकी मारली की टिंब, बोट घासलं की रेघ. बायको प्रभावती चुलीपुढून म्हणायची, "शेजारचे विचारायलेत, घरी भजनीमंडळ काढलंय का म्हणून."

ताटाच्या पलीकडे बाजेवर त्याचे वडील पडून असायचे. गोविंदराव मुनसफी कोर्टात नाझर होते. आवाज असा, की पुकारा केला तर बाहेरच्या लिंबाखालचे पक्षकार उठून उभे राहत. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं उजवं अंग नेलं, डावं लुळं केलं, जीभ नेली आणि मान लाकडासारखी करून ठेवली. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी राहिली. भूक, तहान, माशी, ऊन, सगळं दुसऱ्यानं ओळखायचं. ओळखलं नाही तर म्हातारा डोळे मिटून घ्यायचा आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरायचं.

एका दुपारी उद्धवचं ताट थांबलं तरी आवाज चालूच होता. बाजेच्या लाकडी माचव्यावर बोट वाजत होतं, थांबून थांबून. उद्धवनं कान दिला. पी, ए, एन, आय. पाणी! कोर्टात साहेबाच्या सह्या घेता घेता म्हाताऱ्यानं इंग्रजी अक्षरं उचलली होती, आणि टिंबं-रेघा त्यानं पडल्या पडल्या लेकाच्या घोकंपट्टीतून घेतल्या होत्या. उद्धव तांब्या घेऊन धावला आणि पाणी पाजता पाजता लहान पोरासारखा रडला.

मग काय विचारता! घरात पुन्हा माणूस बोलायला लागला. गोविंदरावांनी जुन्या कोर्टातल्या गमतीच्या गोष्टी वाजवल्या, सुनेच्या वरणाला नावं ठेवली, आणि एकदा तर शेजारच्या आश्रुबाला बोटांनी शिवी दिली. उद्धवनं ती काही आश्रुबाला सांगितली नाही. बापलेकांचं एक अक्षर चुकत नव्हतं. शिकणारा आणि ऐकणारा दोघंही एकच चूक करत असले तर चूक दिसणार तरी कशी?

ती दिसली तारबाबूच्या इम्तिहानाला. स्टेशनातल्या किशनराव तारमास्तरांनी यंत्र वाजवलं आणि उद्धवनं लिहून घेतलं. कागद पाहून मास्तर आधी हसले आणि मग गंभीर झाले.

"हे कुठं शिकलाव तुमी?"

"किताबीतून."

"उर्दू किताब?"

"हो."

"तरीच. खुणा उलट्या पाठ केल्या तुमी, उद्धवराव. काही अक्षरं दोन्हीकडून सारखीच, म्हणून निम्मं जुळलं. बाकी ए म्हणलं की एन लिहायलाव आणि एन म्हणलं की ए." त्यांनी उद्धवच्या हातातली किताब उघडून 'ए'च्या शेजारी बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे नेलं. "हे बगा. टिंब, रेघ."

उद्धवला भर सभेत धोतर सुटल्यासारखं झालं. पण मास्तर माणूस चांगला. म्हणाले, "सहा महिन्यांनी पुन्हा घेणार हायेत. त्यानंतर तुमचं वय बसत न्हाई. पण एक ऐका. ते जुनं वाजवणं आजपासून बंद. कान एकच पायजे. दोन्ही डगरींवर पाय ठेवलाव तर इथंबी जाल आणि तिथंबी."

घरी येऊन उद्धवनं वडिलांना नवी अक्षरं शिकवायला घेतली. चार दिवस बसला. म्हाताऱ्याचं बोट जुन्याच वाटेनं जायचं. पाचव्या दिवशी गोविंदरावांनी दोन्ही बोटं आत दुमडून घेतली आणि डोळे मिटले. आयुष्यभर कागदाची बाजू बरोबर लावून दिलेला माणूस, त्याला आता दोन बोटांची बाजू बदलायला सांगायची, हे उद्धवलाच क्रूर वाटलं. त्यानं नाद सोडला.

मग तो गोठ्यात बसून नवी तार घोकू लागला. घरातून माचव्याचा आवाज यायचा. प्रभावती दारात येऊन म्हणायची, "मामंजी कवाचे वाजवायलेत. दोन घटका बसा की जवळ. मला काय कळतंय त्यातलं?"

"इम्तिहान होऊ दे. मग बसतो."

"तवर त्यांनी काय करावं?"

तो कानात कापूस घालून मान खाली घालायचा. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असतानाही तो गोठ्यातून उठत नव्हता. हळूहळू माचव्याचा आवाज कमी झाला. उद्धवला त्याचं बरंच वाटलं.

दुसऱ्या खेपेला तो पास झाला आणि त्याच स्टेशनात लागला. पेढे वाटले, वडिलांच्या जिभेवर पेढ्याचा कण ठेवला आणि आता बसतो म्हणून बाजेशेजारी बसला. म्हाताऱ्यानं काहीतरी वाजवलं. उद्धवच्या कानात सगळा चिखल झाला. एकेक अक्षर मनात उलटं करून पाहावं लागत होतं, आणि तिसरं उलटेपर्यंत पहिलं हातचं जायचं. "आबा, हळू. पुन्हा एकदा," तो म्हणायचा. गोविंदराव पुन्हा वाजवायचे. मग ते एकेक शब्दच वाजवू लागले. पाणी. उशी. ऊन.

त्या चैत्रात म्हाताऱ्याला ताप भरला. दुपारी उद्धव पाळी संपवून आला तेव्हा छातीत घरघर लागली होती. सकाळपासून यंत्राची कडकट्ट ऐकून त्याचं डोकं भणभणत होतं. प्रभावतीनं त्याची टोपी आणि पिशवी हातात धरून ठेवलेली. परभणीची गाडी यायला थोडाच वेळ होता. ती चुकली तर आज डॉक्टर मिळणं शक्य नव्हतं.

उद्धव बाजेवर वाकला. "आबा, परभणीहून डॉक्टर आणू का?"

बोट हललं. घासलं, टिचकी. थांबलं. टिचकी, घासलं.

एन. ए. ना.

"का नको? गाडी हाय आत्ता. घेऊन येतो."

घासलं, टिचकी. टिचकी, घासलं. आता जोरानं. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. ना, ना, ना. म्हाताऱ्याचे डोळे उद्धवच्या तोंडावर खिळले होते आणि कपाळाची शीर फुगली होती.

"बरं, बरं, आबा. न्हाई आणत. चिडू नका."

"अहो, जाऊन तर या," प्रभावती म्हणाली. "त्यांचा जीव घाबरा व्हायलाय."

"नको म्हणायलेत ते. उलट मी जायला निघालो की बोटं आपटायलेत. कोर्टातला हट्ट हाय तो, तुला ठाऊक न्हाई." त्यानं टोपी तिच्या हातातून घेऊन खुंटीला टांगली. शिट्टी देऊन गाडी गेली. बोट आणखी थोडा वेळ वाजत राहिलं आणि मग चादरीवर सैल पडलं. दिवेलागणीला गोविंदराव गेले.

तिसऱ्या दिवशी माणसं भेटायला आली. शेवटी काय बोलले, असं जो तो विचारायचा आणि उद्धव सांगायचा, "डॉक्टर आणू का म्हणलं, तर ना म्हणाले. कितीदा तरी." माणसं हळहळायची. नाझर शेवटपर्यंत मानी राहिला, लेकाला दगदग नको म्हणून देह ठेवला, असं म्हणून हात जोडायची. उद्धवला त्या बोलण्याचा आधार वाटत होता.

दुपारी ओसरी रिकामी झाली तशी प्रभावती आत येऊन बसली.

"मला एक दाखवा. ते ना कसं वाजवतात?"

"कशाला आता?"

"मी त्यांच्या हाताकडंच बघायले होते. आधी बोट घासायचे, मग टिचकी. मग टिचकी आणि पुन्हा घासायचे. असंच ना?" तिनं सारवलेल्या जमिनीवर करून दाखवलं, हळूहळू, कारण तिला ते येत नव्हतं.

"हो. रेघ, टिंब, म्हणजे एन..." उद्धव बोलता बोलता थांबला. एन यंत्राचा. म्हाताऱ्याचा नव्हे. म्हाताऱ्याच्या बोटाला ती डावी बाजू कधी जमलीच नव्हती. त्यानं तिच्यासारखंच जमिनीवर बोट घासलं आणि टिचकी मारली. ए. मग टिचकी मारली आणि बोट घासलं. एन.

"काय झालं?" प्रभावतीनं विचारलं.

"आण," तो म्हणाला. "आबा आण म्हणायले होते."

प्रभावतीचा हात जमिनीवर तसाच राहिला. तिनं ओरडावं, दोन शिव्या द्याव्यात, असं उद्धवला फार वाटलं. ओसरीवर पुन्हा चपला वाजल्या. राणीसावरगावहून पाहुणे आले होते आणि आश्रुबा त्यांना पाणी देता देता सांगत होता, "लय मानी माणूस बगा. लेक गाडीला निघालेला, तर ना म्हणला. शेवटच्या दमापर्यंत ना, ना."

बाहेर जाऊन ते खोटं आहे असं सांगायला हवं होतं. उद्धव उठून दारापर्यंत गेला. पाहुण्यानं हात जोडून विचारलं, "खरंच असं म्हणाले का हो?"

"हो," उद्धव म्हणाला, "ना म्हणाले," आणि त्यांच्यासमोर खाली बसला.