इवामारूची डावी कूस

सादायुकी उसाच्या ट्रकवरून पडला आणि त्याची मांडी मोडली. आमच्या तोकुनोशिमा बेटावर तसलं हाड बसवायची सोय नाही, म्हणून त्याला विमानाने कागोशिमाला नेलं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तो बायकोला एवढंच म्हणाला, "वारा सुटलाय, मागचं पत्र्याचं दार बांधून ठेव. आणि इवामारूकडे लक्ष दे."

इवामारू हा त्याचा टकरीचा, म्हणजे वळूंच्या झुंजीत उतरवायचा वळू. काळा कुळकुळीत, खांदे घराच्या दारात मावणार नाहीत असे. आणि नाओए, म्हणजे सादायुकीची बायको, लग्न होऊन आली तेव्हापासून वळूंना भीत होती. ती कोळ्याच्या घरातली. लाटांची भीती तिला कधी वाटली नाही, पण लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात घरच्या आधीच्या वळूने शेजारच्या माणसाला गोठ्याच्या भिंतीशी दाबलं, ते तिने पाहिलं होतं. पाहिलं म्हणण्यापेक्षा ऐकलं होतं. बरगड्या मोडतानाचा तो आवाज तिच्या कानातून पुढे कधी गेलाच नाही. इवामारू स्वभावाने गरीब होता, पण भीतीला हे कोण समजावणार? ती आडव्या बांबूंच्या बाहेर उभी राहून लांब दांड्याच्या दाताळ्याने चारा आत ढकलायची. त्या दाराची कडी तिने एकदाही उघडली नव्हती.

सादायुकी गेल्यावर वळूची जबाबदारी त्याच्या धाकट्या भावाने, मासाताकेने घेतली. तो साखर कारखान्यावर ट्रक चालवायचा. हंगाम ऐन भरात होता आणि टकर आठवड्यावर आली होती. मासाताके आवाजाने मोठा माणूस. आल्या आल्या त्याने जाहीर केलं, "वहिनी, दादाने ह्याला गवत खाऊ घालून नुसता ढेरपोट्या करून ठेवलाय. पोटात गवताचं ओझं घेऊन कोण लढेल? ताकद दाण्यात असते."

मग गवत आणि उसाचं वाढं कमी झालं आणि गव्हाणीत जवाचा भरडा पडायला लागला. आधी एक डबा, मग दोन, मग मोजणंच सुटलं. इवामारू भरडा चाटूनपुसून खायचा. त्याच्या अंगावर तुकतुकी आली. संध्याकाळी गावातली माणसं बघायला यायची, चहा आणि काळ्या गुळाचा खडा घ्यायची आणि म्हणायची, "सादायुकी परत आला तर ओळखणार नाही स्वतःच्या वळूला!"

नाओएला मात्र काहीतरी खटकत होतं. शेण पातळ पडत होतं, फिकट, त्यात आख्खे दाणे. दुपारी इवामारू बसून रवंथ करायचा, तो हल्ली उभाच असायचा. तिने एकदा दिराला सांगितलं.

तो हसला. "वहिनी, तुम्ही दोन हात लांबून चारा फेकणार, आणि शेणाची परीक्षा करणार! राहू द्या."

ती दाताळं घेऊन कामाला लागली. दिराच्या आवाजाचीही तिला भीतीच वाटायची.

त्या दिवशी सकाळी ती वाढ्याची पेंढी घेऊन गोठ्याकडे गेली, तेव्हा आधी तिला वास आला. पीठ आंबून नासल्यासारखा आंबूस वास. मग लक्षात आलं की आत काहीच हालचाल नाही. तिने बांबूंमधून पाहिलं. इवामारू कोपऱ्यात कपाळ भिंतीला टेकवून उभा होता. डोळे खोल गेलेले. मधूनच मागचा पाय उचलून स्वतःच्याच पोटावर मारत होता, आणि दात करकर खात होता. दगडावर दगड घासल्यासारखा आवाज. मागे भिंतीवर करडी, फेसाळ हगवण उडाली होती. आणि गव्हाणीत भरडा अर्धा तसाच पडला होता. मासाताकेला पहाटेच कामावर जायचं होतं म्हणून त्याने सकाळचंही आदल्या संध्याकाळीच घालून ठेवलं होतं.

नाओएने पेंढी तिथेच टाकली. तिने दिराला फोन लावला.

"भावजी, इवामारूचं बरं नाहीये. डॉक्टरांना बोलवते मी."

"थांबा, थांबा!" पलीकडे ट्रकचा घरघराट होता. "डॉक्टरांची गाडी दारात उभी राहिली की दुपारपर्यंत अख्ख्या गावात होईल. समोरच्या पार्टीला हेच हवंय. अपचन असेल. दुपारी येतो मी."

"तो दात खातोय, भावजी. भिंतीला डोकं लावून..."

"वहिनी, तो नुसता शिंकला तरी तुम्हाला भीती वाटते! आणि दादाला फोन करू नका. त्याच्या मांडीत सळई घातलीय, त्याला घोर लावू नका."

फोन बंद झाला. ती अंगणात उभी राहिली. उत्तरेचा वारा उसाच्या शेतातून सळसळत येत होता. बोलावलं तर दीर रागावेल. नाही बोलावलं आणि काही झालं तर नवऱ्याला तोंड कसं दाखवायचं? ती घरात गेली, भाताचं भांडं उगाच या जागेवरून त्या जागेवर ठेवलं, परत बाहेर आली. तेवढ्यात आतून धप्प आवाज झाला. इवामारूचे पुढचे गुडघे टेकले होते. तो धडपडत उठला, पण पाय दारुड्यासारखे भलतीकडे पडत होते.

तिने नवऱ्याला फोन केला. सगळं एका दमात सांगितलं, भरड्याचंही.

सादायुकी ओरडला नाही. त्याने हळू विचारलं, "रवंथ?"

"नाही."

"डावी कूस फुगलीय?"

"फुगलीय. पाठीवरून वर आलेली दिसतेय, इथून एवढंच दिसतंय."

"अगं, इथून म्हणजे कुठून?"

"बांबूंच्या बाहेरून." 

"नाओए, मला त्याच्या पोटाचा आवाज ऐकायचाय. फोन त्याच्या डाव्या कुशीला लाव. आणि तो भरडा आधी बाहेर काढ, अजून खाल्ला तर संपलंच."

"अहो, मला नाही जमणार."

"माहीत आहे मला."

"तो भिंतीशीच उभा आहे. डावी बाजू भिंतीकडे आहे."

 तो म्हणाला, "मी इथून उठू शकत नाही गं." त्याचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत तिने तो तसा ऐकला नव्हता.

कडी गंजलेली होती. तिने ती तळहाताने ठोकून सरकवली. तोंड कोरडं पडलं होतं. आत वास इतका उग्र की डोळ्यांत पाणी आलं. ती भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल सरकवत वळू आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरली. हाच तो प्रकार होता, भिंत आणि वळू, जो ती आयुष्यभर टाळत आली होती.

कूस तिच्या चेहऱ्यासमोर होती. तिने फोन टेकवला. कातडी गार आणि घामट लागली. इवामारूने मान वळवली नाही. त्याला ती दिसतच नसावी.

फोनमधून काहीच ऐकू येईना. सादायुकी ऐकत होता. निरोगी गुराच्या पोटात लांबच्या ढगासारखी गडगड येते, थांबते, पुन्हा येते. ती त्याने लहानपणापासून ऐकली होती. आता पिंपात पाणी हलावं तसं नुसतं डुचमळत होतं. गडगड नव्हती.

"बाहेर ये," तो एकदम म्हणाला. "बाहेर ये आणि डॉक्टरांना..."

इवामारूचे मागचे पाय घसरले आणि सगळं धूड तिच्या अंगावर कललं. फोन शेणात पडला. तिची पाठ भिंतीला, छातीवर त्याची कूस. तो मुद्दाम दाबत नव्हता, त्याला उभंच राहवत नव्हतं, आणि तेच जास्त भयंकर होतं. श्वास आत जाईना. ओरडायला हवाच उरली नव्हती. खालून नवऱ्याचा बारीक आवाज येत होता, "नाओए! नाओए!" आता माझ्या बरगड्या, असं तिच्या मनात आलं, आणि तो जुना आवाज कानात घुमला.

मग तिच्या घशातून काहीतरी निघालं. सादायुकी रोज पहाटे वळूला हलवताना काढायचा तो घोगरा हुंकार. "हौ... हौ!" स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं कानावर पडलेला. तिने दोन्ही मुठी त्याच्या बरगडीत रोवल्या आणि पुन्हा तोच आवाज काढला. इवामारूने एक पाऊल बाजूला टाकलं. एकच, पण तेवढ्याने तिला हवा मिळाली. ती फटीतून निसटली, आणि पळून जायचं सोडून गव्हाणीतला भरडा दोन्ही हातांनी टोपलीत ओढायला लागली. का, ते तिलाही सांगता येत नाही. रडत होती आणि ओढत होती. टोपली बाहेर फेकून, शेणातला फोन उचलून मगच तिने कडी लावली आणि डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर उएकी बेटाच्या दुसऱ्या टोकाला एका गाईचं बाळंतपण करत होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या आल्या तोवर मासाताकेही येऊन पोहोचला होता, आणि दादाने त्याला फोनवर काय सुनावलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"भरडा किती घालत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन डबे असतील," मासाताके म्हणाला.

"सकाळ-संध्याकाळ मिळून?"

"हो, साधारण तेवढंच."

नाओएने खाली बघत सांगितलं, "पोतं रविवारी फोडलं होतं. ते संपून काल नवीन फोडलं."

मासाताकेने तिच्याकडे पाहिलं. ती बांबूला धरून उभी राहिली, पण शब्द मागे घेतले नाहीत.

डॉक्टर जाड नळी काढत म्हणाल्या, "गाय-बैल स्वतः गवत पचवत नाहीत. पोटातल्या मोठ्या पिशवीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते पचवतात. एकदम एवढा दाणा पडला की त्यातले भलतेच जीव माजतात, सगळं आंबवून टाकतात. ते आंबट रक्तात उतरतं. आत्ता तेच चाललंय. वेसण कोण धरणार?"

मासाताके पुढे झाला. त्याला पाहताच इवामारूने, त्या अवस्थेतही, शिंग फिरवलं. टकरीच्या तयारीत मासाताकेने काठी जरा जास्तच चालवली होती. दुसऱ्यांदाही तेच झालं. डॉक्टर थांबल्या. "डोकं वर आणि स्थिर हवं. नळी फुप्फुसात गेली तर मीच त्याला मारीन."

कोणी नाओएला सांगितलं नाही. तीच गेली. तिने वेसणीची दोरी खांबावरून वर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि तो घोगरा हुंकार काढत राहिली.  नळी गेली. करडं, आंबलेलं पाणी बादल्या भरभरून बाहेर आलं, त्यात फुगलेला जव. डॉक्टर कोमट पाणी ओतत होत्या, काढत होत्या, पुन्हा ओतत होत्या. मासाताके बादल्या वाहत होता. त्याचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. शेवटी डॉक्टरांनी सोड्याचं पाणी आत सोडलं आणि मानेच्या शिरेत सलाईन लावलं.

"आता गवत पचवणारे जीव परत घालायला हवेत," त्या म्हणाल्या. "गवतावर असलेली एखादी गाय आहे जवळ?"

शेजारच्या तामे आजीकडे होती. आजी आधी कुरकुरली, "माझ्या गाईच्या पोटातलं काढणार? आणि तिला काय उरेल?" पण काय झालंय ते कळल्यावर स्वतःच गाय घेऊन आली आणि नळीने रस काढून होईपर्यंत तिची गळकंबळ खाजवत बसली. हिरवट, गवताचा वास असलेला तो रस गरम गरमच इवामारूच्या पोटात गेला.

संध्याकाळी तो खाली बसला, मान जमिनीवर टाकून. डॉक्टर म्हणाल्या, "उठला तर वाचला." मासाताके गोठ्याबाहेर उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "वहिनी, दादाला काय सांगू मी?"

"मला काय विचारता, भावजी? मलाही कळत नाहीये." तिने त्याच्या हातात चहाचा पेला दिला. त्यालाही भीती वाटते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

इवामारू दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. वाढ्याची दोन पानं ओढली, आणि सूर्य कलताना त्याचा जबडा हळूहळू आडवा हलायला लागला. नाओएने पळत जाऊन फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "रवंथ." सादायुकीला तेवढ्यावरूनच समजलं.

पण सगळं ठीक झालं असं नाही. आंबट रक्त खुरांपर्यंत गेलं होतं. काही दिवसांत खूर आतून सुजले, तो काचेवरून चालल्यासारखा चालायला लागला. टकरीतून त्याचं नाव काढलं. हे खूर पुन्हा मैदान सोसणार नाहीत, हे डॉक्टरांनी सादायुकी घरी आला तेव्हा त्याला अंगणातच सांगितलं. तो कुबड्यांवर उभा राहून ऐकत होता. मासाताके मागे मान खाली घालून उभा. सादायुकी त्याला एवढंच म्हणाला, "उद्यापासून वाढं तू आणायचंस. ट्रकभर."

डॉक्टरांनी खुरांना समुद्राचं गार पाणी सुचवलं होतं. सादायुकीला वाळूत कुबड्या रोवता येईनात, आणि मासाताकेला इवामारू जवळ येऊ देईना. म्हणून नाओए जाते. रोज कडी उघडताना तिचं तोंड अजून कोरडं पडतं, आणि वेसणीची दोरी ती घट्ट आवळून धरते. वाळूवर बसून नवरा ओरडतो, "अगं, दोरी ढिली सोड, तो काही पळून जात नाही!"

"तुम्ही गप्प बसा हो," ती मागे न बघता म्हणते, आणि आपली कामाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून वळूबरोबर पाण्यात उतरते.