करंजावरचे भैय्याजी

प्रेमिला निनावेला आपल्या भासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा अख्खा दिसला, तो एका किड्याच्या पाठीवर.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सगळं उमरेड त्यांना भैय्याजी म्हणायचं, म्हणून घरातही तेच नाव. लग्न होऊन आल्यापासून प्रेमिलाने त्यांच्यासमोर डोळ्यांवर ओढलेला पदर ढळू दिला नव्हता आणि त्यांच्याशी थेट एक शब्दही बोलली नव्हती. भैय्याजीही तिच्याशी बोलत नसत. काही सांगायचं असलं की ते छताकडे पाहून म्हणायचे, "तिले सांगा, चहात साखर कमी टाक." मग ती दाराकडे पाहून म्हणायची, "त्यायले सांगा, टाकलीच नाही." मधल्या माणसाचं काम तिचा नवरा नत्थूजी करी. तो घरात नसला तर भिंत करी. इतकी वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

पुढे नत्थूजीला इतवारीत साड्यांच्या दुकानात नोकरी लागली आणि दोघं नागपूरला, मानेवाड्याकडे राहायला आले. मुलगी हर्षा नोकरीसाठी हैदराबादला गेली तेव्हा तिचा जुना, खिशात मावणारा कॅमेरा घरीच राहिला. एका दुपारी प्रेमिलाने तो उगाच चालू केला. बटणांमध्ये एक फुलाचं चिन्ह होतं. तिला वाटलं, हे फुलांचे फोटो काढायचं बटण. ते दाबून ती कढीपत्त्याजवळ गेली. पानावर अळी होती. कॅमेरा अगदी दोन बोटांवर नेला तेव्हा पडद्यावर त्या अळीचे पाय, पायांवरचे केस आणि तोंडातला पानाचा तुकडा दिसला. प्रेमिलाने पुन्हा झाडाकडे पाहिलं. इतके दिवस त्या झाडाची पानं ती फोडणीत टाकत होती आणि तिथे कोण जेवायला बसलंय हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून तिला नादच लागला. झूम करायचा नाही, आपणच जवळ जायचं, हे तिचं तिला कळलं. हात हलू नये म्हणून कोपर भिंतीला टेकवायचं. वाऱ्याने डहाळी हलली तर कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. सावलीच्या बाजूला पांढरी थर्माकोलची ताटली धरली की किड्याच्या पोटावरही उजेड पडतो. आणि श्वास रोखायचा, नाहीतर मुंगीसुद्धा उडून जाते.

त्या रविवारी सकाळी ती मागच्या अंगणातल्या करंजाच्या झाडाखाली उभी होती. एका पानावर नारिंगी रंगाचा, ढालीसारख्या पाठीचा किडा खाली डोकं करून बसला होता. तिने फोटो काढला, पडद्यावर पाहिला आणि तिचा हात आपोआप पदराकडे गेला.

पाठीवर दोन काळे टपोरे डोळे होते. मधोमध खाली रुंद होत गेलेलं भलं मोठं नाक. वर चापून मागे बसवलेले काळेभोर केस.

डोक्यावर पदर घेऊन ती आत आली. नत्थूजी खाटेवर पेपर वाचत होता. तिने कॅमेरा पुढे केला. नत्थूजीने पाहिलं आणि तो ताडकन उठून उभा राहिला.

"भैय्याजी केव्हा आले?" त्याने विचारलं.

"आले नाही. किडा होय थो."

नत्थूजीने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तरी तो खाली बसेना. भावाच्या समोर खाटेवर बसायची त्याला सवय नव्हती.

खरं तर इथेच हे संपलं असतं. पण नत्थूजीने आपल्या मोबाइलने कॅमेऱ्याच्या पडद्याचा फोटो काढला आणि निनावे परिवाराच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, 'बघा.' एवढंच. कन्हानच्या आत्याने लगेच हात जोडलेले पाठवले. मौद्याच्या पुतण्याने लिहिलं, 'काकाजी, तब्येत मस्त झाली. नारिंगी सदरा कुठून घेतला?' कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मग बाकीच्यांनीही दिल्या. संध्याकाळपर्यंत कोणालाच तो किडा आहे हे कळलं नाही. कळलं ते फक्त भैय्याजींना, कारण त्यांच्याकडे नारिंगी सदरा नव्हता. रात्री त्यांनी नत्थूजीला फोन करून फोटो कोणी काढला आणि चेहरा कोणी ओळखला ते विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते उमरेडहून निघाले. नत्थूजी दुकानात निघायच्या बेतात असतानाच दारात हजर. पाणी घेतलं नाही. खुर्चीत बसले आणि छताकडे पाहून म्हणाले, "नत्थू, तिले विचार, तिनं माह्यं तोंड केव्हा पायलं?"

प्रेमिला दाराआड सरकली. किड्याबद्दल बोलणी ऐकायची प्रेमिलाची तयारी होती. हा प्रश्न तिच्या ध्यानात आला नव्हता. खरोखरच, जो चेहरा पाहिला नाही तो ओळखला कसा?

"केव्हा पायलं?" नत्थूजीने तिच्याकडे वळून विचारलं. त्यालाही आता जाणून घ्यायचं होतं.

दाराआडून प्रेमिला म्हणाली, "त्यायले सांगा, एकदम कधीच नाही पायलं. वाढताना हनुवटी दिसली. हर्षाच्या बारशात कान दिसला. थोडं थोडं जमा झालं. नाक तं पदरातूनही दिसते."

भैय्याजींनी नाक चाचपलं. मग म्हणाले, "नाकाचं कोणी विचारलं नव्हतं."

एवढं बोलून ते उठले आणि "कुठी आहे थो?" म्हणत अंगणात गेले.

किडा होता तिथेच होता, डोकं खाली करून. भैय्याजी हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहिले. ते डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. तेवढ्यात किडा फिरला, डोकं वर करून बसला आणि भैय्याजींचा चेहरा उलटा झाला. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

"याले सरळ कर," ते नत्थूजीला म्हणाले.

नत्थूजीने चपला काढल्या, मान तुकवली आणि डहाळी हळूच उलटी धरली. डहाळी उचलली गेली तेव्हा पानांची खालची बाजू दिसली. तिथे आणखी होते. एकाला एक चिकटून, सगळे नारिंगी, सगळे तेच डोळे, तेच नाक. अख्खी फांदी भैय्याजींनी भरली होती.

"बापा रे," नत्थूजी पुटपुटला.

"आपल्या घरचे इतके लोक भांडण न करता एका जागी बसलेले मी पयल्यांदा पाहून राहिलो," भैय्याजी म्हणाले. त्यांचा राग थोडा उतरला होता. पण हार मानणारे ते नव्हते. त्यांचं म्हणणं, हा सगळा कॅमेऱ्याचा खेळ. माणसाचा फोटोही त्याच कॅमेऱ्याने, तेवढ्याच जवळून, त्याच उजेडात काढावा, दोन्ही शेजारी ठेवावे, आणि ग्रुपवर सगळ्यांना दाखवावं की साम्य काही नाही.

खुर्ची करंजाखाली मांडली. नत्थूजीच्या हातात थर्माकोलची ताटली दिली. प्रेमिलाने पदर दातात धरला आणि कॅमेरा पुढे केला.

"तिले सांग, दुरून काढ," भैय्याजी म्हणाले.

"त्यायले सांगा, दुरून फुलाचं बटण चालत नाही."

ती जवळ जात गेली. हातभर, मग वीतभर, मग दोन बोटं. भैय्याजींचे डोळे कॅमेऱ्याकडे पाहता पाहता आत वळले. इतक्यात पलीकडून हाक आली आणि नत्थूजी ताटली खुर्चीच्या पाठीला टेकवून कुंपणाकडे गेला. दोघंच राहिले. जवळपास भिंतही नव्हती.

प्रेमिलाला सांगायचं होतं की हनुवटी खाली करा. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग डहाळीवरच्या किड्याकडे वळून ती म्हणाली, "यायले सांगा, हनुवटी खाली घ्या म्हणा. आणि श्वास रोखा."

भैय्याजींनी तिरक्या नजरेने किड्याकडे पाहिलं. "तिले सांग," ते किड्याला म्हणाले, "श्वास रोखूनच बसलो आहो. लवकर कर म्हणा."

"यायले सांगा, डोळे मोठे ठेवा."

"तिले सांग, याहून मोठे होत नाही."

किड्याने मिशा हलवल्या. प्रेमिलाने बटण दाबलं.

पडद्यावर जे आलं ते तिने दोनदा पाहिलं. कॅमेरा तिने खुर्चीच्या हातावर ठेवला. भैय्याजींनी पाहिलं. जवळून काढल्यामुळे नाक खाली पसरलं होतं, डोळे दोन काळे ठिपके झाले होते, कान मागे नाहीसे झाले होते आणि सकाळच्या उन्हात तोंड चक्क नारिंगी दिसत होतं. आधी थोडी तरी शंका घ्यायला जागा होती, आता तीही उरली नाही.

"केस तं याचे माह्याहून बरे आहे," ते शेवटी किड्याबद्दल म्हणाले. ते कोणाला उद्देशून होतं ते कळलं नाही, पण प्रेमिलाने नकळत मान हलवली.

तिकडे कुंपणावर वेगळंच चाललं होतं. शेजारच्या चारुशीलाबाई पाठीवर फवारणीचा पंप अडकवून उभ्या होत्या. करंजावरचे किडे त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येत होते आणि हात लावला की घाण वास सोडत होते.

"मी आज मारून राहिली नत्थूभाऊ. तुम्ही फक्त बाजूले व्हा."

"असं कसं मारता? मोठे भाऊ होय माह्ये!"

"कोण?"

"सगळेच," नत्थूजी म्हणाला.

चारुशीलाबाई पंपासकट फाटकातून आत आल्या. भैय्याजी खुर्चीतून उठले आणि फांदीच्या शेजारी उभे राहिले. चारुशीलाबाईंनी फांदीकडे पाहिलं, भैय्याजींकडे पाहिलं, पुन्हा फांदीकडे पाहिलं. एका किड्याने नेमका त्याच वेळी वास सोडला.

"माफ करा," भैय्याजी म्हणाले. त्यांनी का माफी मागितली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चारुशीलाबाईंनी पंप पाठीवरून उतरवला. "आता नाही मारता येत," त्या वैतागून म्हणाल्या. "ओळख झाली न बाप्पा." मग त्यांनी खिडकीला जाळी लावायचं ठरवलं. जाळी लावायला नत्थूजी गेला.

भैय्याजी संध्याकाळी उमरेडला परत जाणार होते. गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत. सकाळी उठून खुर्ची करंजाखाली न्यायची, चहा तिथेच प्यायचा, कोणता किडा कुठे सरकला ते पाहायचं. कोणी डोकं वर करून बसला तर डहाळी फिरवायची. प्रेमिला फोटो काढायला आली की ते ताटली धरायचे आणि दोघं किड्यामार्फत बोलायचे. नत्थूजी आता बिनधास्त दुकानात जाऊ लागला.

शेवटी त्यांची बायको सखूबाई त्यांना न्यायला आली. तिला मोतीबिंदू होता. अंगणात येऊन तिने फांदीजवळ तोंड नेलं आणि ओरडली, "किती दिवस झाडावर बसून राहणार? चला घरी!" खुर्चीतून उत्तर आलं तेव्हा ती दचकली. मग प्रेमिलाने तिला हाताला धरून सगळं दाखवलं. सखूबाईने कॅमेऱ्याचा पडदा डोळ्याला लावून एकेक फोटो पाहिला. हसली नाही.

"यायचे इतके निघाले," ती म्हणाली. "माह्यी कुठी आहे वं?"

"तुमची काय, बाई?"

"मीही कुठीतरी असन न. शोध."

प्रेमिलाने कॅमेऱ्यातले सगळे जुने फोटो एकेक करून उघडले. नाकतोडा दाखवला. सखूबाई म्हणाली, "हा तं माह्या भावासारखा." कोळीण दाखवली. "ही सासू." पतंग दाखवला, त्याच्या अंगावर पांढरी लव होती. सखूबाईने जरा विचार केला आणि नको म्हणाली. मग एक फोटो आला, त्यात नुसतं पान होतं, थोडं हललेलं. प्रेमिला तो पुसून टाकायला निघाली. फोटो काढताना बटण दाबता दाबताच किडा उडून गेला होता.

"थांब वं," सखूबाई म्हणाली. तिने पडदा पुन्हा डोळ्याला लावला. "ही होय. आत्ताच उठून गेली."

प्रेमिलाने खूप समजावलं की इथे कोणी नाही. सखूबाई ऐकेना. पान अजून हलून राहिलं, दिसत नाही का, म्हणाली. शेवटी तो फोटोही ग्रुपवर गेला, भैय्याजींच्या फोटोच्या शेजारी. खाली नावं लिहिली, भैय्याजी आणि सौ. सखूबाई.

थोड्या वेळाने मौद्याच्या पुतण्याचा प्रश्न आला, 'काकाजी दिसले. काकू कुठी आहे?'

भैय्याजींनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावला आणि एका बोटाने सावकाश लिहिलं, 'आतमध्ये आहे. चहा ठेवून राहिली.'