रेडिओ बरा होता

मित्रांनो, सामन्याचं वर्णन करणाऱ्यांच्या या काचेच्या खोलीत, माइकशेजारी ठेवलेलं जुनं हेल्मेट म्हणजे मी. माझा पिवळा रंग उडालाय. कानापाशी बसवलेला इवलासा रेडिओ मात्र अजून आहे.

ओहायोतल्या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता गॅरेट. चेंडू कधी आणि कुणाकडे फेकायचा, ते त्याच्या हाती. प्रशिक्षक बाहेरून डाव सांगत आणि तो माझ्यातून त्याच्या कानात पडे. त्याच्या घामानं मी भिजावं, त्याच्या श्वासानं मी उबदार व्हावं. लोक त्याच्या नावाचा गजर करत, तेव्हा त्यातलं थोडं कौतुक आपलंही, असं मला वाटे.

एका हिवाळ्यात दोन धिप्पाड गडी त्याच्यावर कोसळले आणि मी गोठलेल्या जमिनीवर आपटलो. तो उठला. प्रशिक्षकांचा आवाज माझ्यातून स्वच्छ आला, पण गॅरेटला एका शब्दाचा अर्थ लागेना. आमच्यात एक खूण असते. रेडिओ बंद पडला, की क्वार्टरबॅक हेल्मेटच्या कानांवर थापट्या मारतो. गॅरेटनं तशाच मारल्या. भोवळ आली म्हणाला असता, तर त्याला बाकावर बसवलं असतं; आणि बाकावर बसलेल्याची जागा दुसरा घेतो.

सामना गेला. सामान सांभाळणाऱ्या मिल्टनवर प्रशिक्षक घसरले, "तुझ्या या डबड्यानं घात केला."

मिल्टननं माझी तार न् तार तपासली. "गॅरेट, अरे, हा तर पोपटासारखा बोलतोय."

"तेव्हा नव्हता बोलत," गॅरेट म्हणाला आणि मान खाली घालून बुटाच्या नाड्या सोडत राहिला.

पुढेही त्यानं मला कितीदा तरी तसंच थापटलं. बोल मिल्टनला लागला, मला लागला. त्याचं काही नाही. पण ज्या डोक्यासाठी मला घडवलं, त्याची कळ मला कुणाला सांगता येईना, याची फार लाज वाटे.

गॅरेट निवृत्त झाला, तेव्हा मिल्टननं मला त्याच्या हाती दिलं. "घेऊन जा तुझं बहिरं पोर." गॅरेटला हसू आलं नाही.

आता तो माइकवर बोलतो. परवा एक नवखा क्वार्टरबॅक असाच आपटला, उठला आणि कानांवर थापट्या मारू लागला.

"घ्या, रेडिओ गेला," शेजारी बसलेला कर्टिस माइकवर म्हणाला. "गॅरेट, तुझ्या हेल्मेटचा भाऊ दिसतोय."

गॅरेटचा हात माझ्यावर होता. खाली तो मुलगा प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्याकडे चालला होता.

"रेडिओ बरा आहे," गॅरेट म्हणाला. "त्याला बाहेर काढा. माझाही बरा होता. मिल्टन, ऐकतोयस ना? तो बोलत होता. खोटं मी बोललो."

शेजारच्या खोलीत खेळाडूंच्या दुखापतींवर नजर ठेवणारे डॉक्टर आमचंच प्रक्षेपण लावून बसतात. थोड्याच वेळात शिट्टी वाजली आणि त्या मुलाला दोघांनी धरून बाहेर नेलं.

मित्रांनो, आम्हाला जीभ नाही, तुम्हाला आहे. आपलं दुखणं आमच्या माथी मारू नका. दुखतंय तिथेच सांगा.

मिल्टनचा फोन अजून आलेला नाही. गॅरेट मोबाइल माझ्याशेजारी उताणा ठेवतो. माझ्याकडे मात्र बघत नाही.