रजा

अरे, रसिकाने काय केलं ठाऊक आहे? बडोद्याच्या रावपुऱ्यातली, अकरावीतली, वर्गात तोंड न उघडणारी रसिका!

आधी धवलचं ऐका. हरणी भागातला हा दीडशहाणा तिच्याच शाळेतला, तिचा बॉयफ्रेंड, आणि पंधरा दिवस तिच्या मागे लागलेला. "एकच फोटो मोकल ने. तसला. माझ्यावर विश्वास नाही?" रोज तेच. नाही म्हटलं की रुसायचा, दोन-दोन दिवस बोलायचा नाही. शेवटी बिचारीने पाठवला. फक्त त्याला.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी चॅटवर सुट्टीच्या गप्पा चालल्या होत्या, त्यात धवलने मध्येच टाकलं, "रजा?" तिने लिहिलं, "हो हो, रजा!"

दुपारपर्यंत फोटो सहा पोरांच्या फोनवर! ती भडकली, तर हा स्क्रीनशॉट दाखवतोय. "में तो रजा लीधी'ती!" गुजरातीत रजा म्हणजे परवानगीपण ना! बडोद्यात वाढलेल्या रसिकाला ते माहीत नव्हतं थोडंच? पण सुट्टीच्या गप्पांत कोणाच्या डोक्यात येईल? हेच ओळखून त्याने टाकलं होतं. पोरं खिदळली, "मराठीबेन, गुजराती शिका!"

घरी जाऊन रडली असेल, असं वाटलं ना? छे! फोटो गेला तो गेला, परत येणार नाही, हे तिला कळलं होतं. मग आता त्याचंही काहीतरी जायलाच हवं.

पुढच्या गुरुवारी तिने गोडीत लिहिलं, "शनिवारी रजा?" बावळटाने उत्तर दिलं, "हा, रजा! मजा!"

शुक्रवारी शाळेच्या मैदानावर प्रार्थनेनंतर 'आजचा शब्द' सांगायची पाळी रसिकाची. माईक हातात, आवाज एकदम थंड. "आजचा शब्द, रजा. मराठीत सुट्टी. गुजरातीत परवानगीसुद्धा. आता उदाहरण." आणि दप्तरात लपवून आणलेला फोन काढून वाचलं की तिने! धवलची पंधरा दिवसांची भीक, "प्लीज, प्लीज", "मरी जईश", सगळं, तारखांसकट.

धवल किंचाळला, "कोने पूछीने वांचे छे?"

"तुलाच विचारून." तिने त्याचं उत्तर उंच धरलं. "रजा घेतलीय ना, धवलभाई!"

त्या 'भाई'वर अख्खं मैदान हसून फुटलं. प्रिन्सिपल मृदुलाबेननी तिथल्या तिथे धवलचा आणि त्या सहाही जणांचा फोन काढून घेतला, आईबापांना बोलावलं.

संध्याकाळी आईच्या फोनवरून धवलचा मेसेज आला, "माफी मागायला येऊ? रजा?"

रसिकाने लिहिलं, "नाही. दोन्ही भाषांत नाही."